ग्रहण म्हणजे सावली : सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण समजून घेताना

बारामती तालुक्यातील पणदरे, माळेगाव, कोऱ्हाळे या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आम्ही वस्त्यांवर काम करतो. ग्रहण जवळ आले की तेच ते प्रश्न येतात. गरोदर सुनेला बाहेर सोडायचे का? वेध लागल्यावर उरलेला भात टाकायचा का? पौर्णिमेची वंदना ग्रहण सुटल्यावर घ्यायची का? हा शेवटचा प्रश्न अर्थातच आपल्या, म्हणजे बौद्ध घरांतला. १९५६ नंतर ज्या घरांतून देव्हारा गेला, त्यातल्या कितीतरी घरांत ग्रहण मात्र राहून गेले. सुरीला हात लावायचा नाही, चिरायचे नाही, झोपायचे नाही, बाईने अंगाला खाजवायचे नाही, ही यादी आजीकडून सुनेकडे आजही तशीच जाते.

आपले तरुण कार्यकर्ते यावर दोन प्रकारे बोलतात. काही जण ‘हे सगळे थोतांड आहे’ म्हणून विषय संपवतात. आजी त्यांचे ऐकत नाही, कारण पोराला ग्रहण कसे लागते हे विचारले तर त्यालाही धड सांगता येत नसते. काही जण गप्प बसतात. म्हणून ग्रहण म्हणजे काय, त्याची भीती कुठून आली आणि त्या भीतीशी आपल्या समाजाचा काय संबंध होता, हे एकत्र मांडणारा हा लेख.

गोटी, ज्वारीचा दाणा आणि गाडीचे चाक

पुस्तकातल्या आकृतीत सूर्य, चंद्र आणि पृथ्वी शेजारी शेजारी काढलेले असतात. त्यामुळे अंतराचा अंदाजच येत नाही आणि ‘मग दर महिन्याला ग्रहण का होत नाही’ या साध्या प्रश्नावर शिकवणारा अडतो. त्यापेक्षा शाळेच्या मैदानात एक खेळ मांडावा. दहा हजार किलोमीटरला एक सेंटीमीटर धरायचा. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे ती एक गोटी झाली, सव्वा सेंटीमीटरची. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणजे तो ज्वारीचा दाणा. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. तेव्हा दाणा गोटीपासून ३८ सेंटीमीटरवर, साधारण दोन विती लांब ठेवायचा. आणि सूर्य? तो जवळजवळ १४ लाख किलोमीटर व्यासाचा, म्हणजे बैलगाडीच्या चाकाएवढा, आणि गोटीपासून तब्बल दीडशे मीटर लांब, मैदानाच्या पलीकडे.

आता गोटीच्या जागी डोळा लावून पाहिले की दाणा त्या चाकाला बरोबर झाकतो. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आहे आणि आपल्यापासून तितकाच, सुमारे ४०० पट लांबही. या योगायोगामुळे दोघे आकाशात सारख्याच आकाराचे दिसतात. चंद्र आपल्या आणि सूर्याच्या मधे आला की त्याची सावली पृथ्वीवर पडते. हे सूर्यग्रहण; ते अमावास्येलाच होऊ शकते. पृथ्वी मधे आली की तिची सावली चंद्रावर पडते. हे चंद्रग्रहण; ते पौर्णिमेलाच होते. यापलीकडे ग्रहणात काहीही नाही. सूर्याला काही होत नाही, चंद्रालाही काही होत नाही. एकाची सावली दुसऱ्यावर पडते आणि सरकून जाते.

मग दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? कारण चंद्राची फिरण्याची पातळी पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. आपल्या मैदानातल्या खेळात याचा अर्थ असा की दाणा गोटीच्या पातळीपासून तीन-सव्वातीन सेंटीमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. गोटी आहे सव्वा सेंटीमीटरची. म्हणून बहुतेक महिन्यांत सावली वरून किंवा खालून निघून जाते, कुणावरच पडत नाही. चंद्राची वाट पृथ्वीच्या पातळीला दोन ठिकाणी छेदते, त्यांना पातबिंदू म्हणतात. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळपास आली तरच ग्रहण होते, आणि अशी वेळ साधारण सहा महिन्यांनी येते.

या दोन पातबिंदूंची भारतीय ज्योतिर्गणितातली नावे म्हणजे राहू आणि केतू. राक्षसाचे धड आणि शिर ही पुराणातली गोष्ट. गणितात राहू हा केवळ एक बिंदू आहे, त्याला ना तोंड ना पोट. पंचांग करणाराही ग्रहणाची वेळ काढताना हाच बिंदू वापरतो, राक्षस वापरत नाही. त्याशिवाय मिनिटापर्यंत वेळ येणारच नाही. ग्रहणे पुन्हा पुन्हा एका ठरावीक क्रमाने येतात. १८ वर्षे ११ दिवस ८ तासांनी तशाच प्रकारचे ग्रहण पुन्हा होते, हे बाबिलोनच्या लोकांना अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. ठरलेल्या वेळी येणाऱ्या आणि ठरलेल्या वेळी जाणाऱ्या गोष्टीला संकट म्हणणे अवघड आहे.

प्रकारांबद्दल थोडक्यात. चंद्राच्या गडद सावलीत आपण उभे असलो की खग्रास सूर्यग्रहण दिसते, विरळ सावलीत असलो की खंडग्रास. चंद्राची कक्षा पूर्ण गोल नाही. तो लांब असताना थोडा लहान दिसतो, सूर्य पूर्ण झाकत नाही आणि कडेने बांगडीसारखे तेज उरते, ते कंकणाकृती. खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटे टिकते आणि सावलीचा पट्टा जेमतेम शे-दोनशे किलोमीटर रुंद असतो. त्यामुळे एकाच गावाला खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा दिसते. चंद्रग्रहणाचे तसे नाही. पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या अंतरावर नऊ हजार किलोमीटरहून अधिक रुंद असते, त्यामुळे खग्रास स्थिती दीड तासापेक्षा जास्त टिकू शकते आणि ज्या अर्ध्या पृथ्वीवर तेव्हा रात्र असेल त्या सगळीकडून ती दिसते. पूर्ण झाकलेला चंद्र काळा न होता तांबूस होतो. आपल्या वातावरणातून वाकून जाणारा तांबडा प्रकाश त्याच्यापर्यंत पोचतो म्हणून. सूर्यास्ताला आकाश तांबडे होते त्याच कारणाने.

कळत होते, तरी सांगितले नाही

हे ज्ञान पश्चिमेकडून आले, आपल्याकडे सगळे अज्ञानातच होते, असे समजण्याचे कारण नाही. पाटलीपुत्राच्या परंपरेतला आर्यभट याने इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात स्वच्छ लिहिले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. पुढे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. ग्रहणाचे गणित त्यालाही उत्तम येत होते. तरीही त्याने राहू नाकारणाऱ्यांना दोष दिला, कारण ते श्रुती-स्मृतींच्या विरुद्ध जाते. अकराव्या शतकात अल्बेरुनी भारताबद्दल लिहिताना या विसंगतीवर नेमके बोट ठेवतो : एवढा मोठा गणिती, सत्य ठाऊक असूनही पुरोहितांच्या बाजूने का बोलतो?

समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला याचे उत्तर फार शोधावे लागत नाही. ग्रहणाबरोबर स्नान, दान, जप, श्राद्ध येत होते. सावली म्हटले की दक्षिणा थांबते.

आपल्या भागाशी जोडलेले एक उदाहरण तर शाळांत शिकवले जायला हवे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येकडे निघाली. विजयदुर्गला नॉर्मन लॉक्यर यांनी तळ ठोकला होता. आणि इंदापूरच्या पलीकडे, भीमा ओलांडली की करमाळा तालुक्यात जेऊर स्टेशन लागते, तिथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन आले होते. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांनीच पुण्यात उभी केली होती. त्याच जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांचीही छावणी होती. सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी ही माणसे समुद्र ओलांडून आली. पणदऱ्यापासून जेऊर सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. बारामती-इंदापूरचा हा पट्टा त्या सावलीच्या वाटेवर किंवा अगदी काठावर होता. म्हणजे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या डोक्यावरचा सूर्य त्या दुपारी जवळजवळ विझला होता, आणि तालुक्याच्या पलीकडे माणसे त्याचा वर्णपट मोजत बसली होती.

इथे एक शब्द पाहण्यासारखा आहे. ‘वेध’ म्हणजे आकाशाचे निरीक्षण, त्यावरून वेधशाळा. पंचांगात मात्र वेध म्हणजे ग्रहणाआधीच पाळायची बंधने : सूर्यग्रहणाला चार प्रहर, चंद्रग्रहणाला तीन प्रहर. एकाच शब्दाने एकीकडे दुर्बीण रोखली जाते आणि दुसरीकडे चूल बंद होते.

‘दे दान, सुटे गिऱ्हाण’

आता जो भाग सहसा विज्ञानाच्या लेखात येत नाही, तो सांगतो. आपल्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा आहे.

गावगाड्यात ग्रहण लागले की मांगवाड्यातली, काही ठिकाणी महारवाड्यातली माणसे टोपली घेऊन गावात फिरत आणि ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाक देत. गाव त्यांना धान्य, जुने कपडे, पैसा टाकत असे. ही हाक अजून साठी-सत्तरीतल्या लोकांच्या कानात आहे. हे दान त्यांनाच का? कारण सूर्य-चंद्राला धरणारे राहू-केतू हे मांग, महार जातीचे आहेत अशी समजूत होती. सूर्याला त्यांचा स्पर्श झाला, विटाळ झाला. तेव्हा त्यांच्या जातभाईंना दान द्या, म्हणजे ते सूर्याला सोडतील. आपल्या आजोबांची जात अशी थेट आकाशात नेऊन ठेवली होती.

मग पंचांगातले शब्द पुन्हा वाचून पाहा. ग्रहणाची सुरुवात म्हणजे ‘स्पर्श’. शेवट म्हणजे ‘मोक्ष’. मधल्या काळात सुतक. सुटल्यावर अंघोळ, घरातले पाणी ओतून देणे, भांडी घासणे, अन्नावर तुळशीपत्र. अस्पृश्याचा स्पर्श झाल्यावर सवर्ण घरात जे जे केले जाई, त्याची ही जशीच्या तशी नक्कल आहे. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात नोंदवले आहे की पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत पुण्याच्या वेशीत येऊ देत नसत. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि ती सावली वरच्या जातीच्या माणसावर पडली तर विटाळ होतो. सावलीची लांबी पाहून माणसाला वेशीबाहेर थांबवणारी ही व्यवस्था होती. ग्रहण हीसुद्धा एक सावलीच. सावली लागल्याने कोणी अपवित्र होते, हा एकच विचार वेशीवरही काम करत होता आणि आकाशातही.

म्हणून बौद्ध घरातल्या सुनेला ग्रहणात अंधाऱ्या खोलीत बसवताना आपण नेमके काय मान्य करतो, याचा विचार व्हायला हवा. आजोबांच्या सावलीने विटाळ होत नव्हता हे आपल्याला पक्के माहीत आहे. मग चंद्राच्या सावलीने कसा होईल?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले. आमच्या मते ग्रहणाचे दान त्याच ओळीत बसते. महार समाजाने धम्म स्वीकारल्यानंतर टोपली बहुतेक ठिकाणी खाली ठेवली गेली. मातंग समाजातल्या शिकलेल्या पिढीनेही हे मागणे सोडले. मागणे सुटले, पण ज्या समजुतीपोटी ते दान मिळत होते ती समजूत मात्र देणाऱ्यांच्या आणि न देणाऱ्यांच्या, दोघांच्याही घरात राहिली. बावीस प्रतिज्ञांत ‘ग्रहण’ हा शब्द नाही, असे काही उपासक सांगतात. बरोबर आहे. पण श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आणि ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून न घेण्याची प्रतिज्ञा त्यात आहे. ग्रहणातले स्नान-दान-श्राद्ध याच झाडाची फांदी आहे.

त्रिपिटकात राहू आहे, त्याचे काय?

हा प्रश्न टाळू नये. संयुत्त निकायात चंदिम सुत्त आणि सुरिय सुत्त अशी दोन छोटी सुत्ते आहेत. त्यांत असुरेंद्र राहू चंद्राला आणि सूर्याला धरतो, ते भगवंतांना शरण जातात, आणि तथागतांच्या सांगण्यावरून राहू त्यांना सोडून थरथरत पळतो. श्रीलंकेसारख्या देशांत ही सुत्ते परित्राण म्हणून म्हटली जातात. ‘तुमचे बुद्धही राहू मानत होते’ असे सांगणारे मेसेज ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम पाठवले जातात, आणि आपली मुले गोंधळतात.

एक तर त्या काळच्या लोकांच्या कल्पनेत राहू होता, आणि सुत्तांची भाषा त्याच लोकांची आहे. पण कथेत घडते काय ते पाहा. तिथे दान नाही, स्नान नाही, सुतक नाही, विटाळ नाही. कुणाला घरात कोंडलेले नाही. दुसरे, दीघ निकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, तथागत कोणकोणत्या गोष्टींपासून दूर राहतात याची लांबलचक यादी आहे. त्यात चंद्रग्रहण होणार, सूर्यग्रहण होणार, नक्षत्रग्रहण होणार आणि त्याचे असे असे फळ मिळणार, असे सांगून पोट भरणे ही हीन विद्या आणि मिथ्या आजीविका म्हटली आहे. आपल्या मते धम्माची भूमिका इथे आहे. ग्रहणाचे गणित करण्याला विरोध नाही. ग्रहणाची भीती विकून जगण्याला आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे : जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे, जे माणसाच्या कल्याणाचे आहे, तेच बुद्धांचे समजावे. त्या कसोटीवर राहूची कथा कथा म्हणून उरते आणि ब्रह्मजालातला नकार शिकवण म्हणून उरतो. नक्खत्त जातकही तरुणांना सांगण्याजोगे आहे. नक्षत्र चांगले नाही असे एका आजीवकाने सांगितले म्हणून वरपक्ष ठरल्या दिवशी आला नाही, आणि मुलीच्या घरच्यांनी तिचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले. तारे बघत बसलेल्यांच्या हातून नवरी गेली.

पौर्णिमेच्या वंदनेचा प्रश्न यातूनच सुटतो. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते आणि पौर्णिमा हा आपला उपोसथाचा दिवस. म्हणजे प्रत्येक चंद्रग्रहण उपोसथाला किंवा त्याला लागूनच येणार. २०२१, २०२२ आणि २०२३ अशा सलग तीन बुद्ध पौर्णिमांना चंद्रग्रहण होते. त्यातले ५ मे २०२३ चे छायाकल्प ग्रहण आपल्याकडे दिसण्यासारखे होते. २८ ऑक्टोबर २०२३ च्या अश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपतो त्या रात्री, खंडग्रास झाले. ७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेला रात्री ११ वाजल्यापासून पुढे ८२ मिनिटे चंद्र पूर्ण झाकलेला होता. ग्रहण आहे म्हणून वंदना पुढे ढकलायची ठरवली तर आपल्याला पौर्णिमाच टाळाव्या लागतील. उलट वंदना झाली की सगळ्यांनी विहाराच्या अंगणात यावे आणि मुलांना चंद्र दाखवावा.

गरोदर बाई, अन्न आणि मुसळ

सगळ्यात जास्त त्रास गरोदर बाईला होतो. ग्रहणात तिने काही कापले तर बाळाचा ओठ फाटतो, ही भीती फार खोल आहे. तिला उत्तर देताना हसू नये. बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. म्हणजे बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचे नुकते कळलेले असते तोवर ओठ तयार झालेला असतो. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईने सुरी धरली काय आणि न धरली काय, ओठाचे काम कधीच उरकलेले असते. दुभंगलेल्या ओठामागे आनुवंशिकता, फॉलिक अॅसिडची कमतरता, तंबाखू, मिश्री, काही औषधे अशी कारणे असतात. त्यामुळे फॉलिक अॅसिडच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या का आणि घरातली मिश्री सुटली का, हे विचारणे जास्त कामाचे. आणि असे बाळ जन्माला आलेच तर आईला ग्रहणाचा दोष देत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूची शस्त्रक्रिया मोफत होते. आशाताईंकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी.

घरात कोंडून घेण्याचा धोका खरा आहे. तासन् तास पाणी न पिणे, उपाशी राहणे, लघवी रोखणे याने गरोदर बाईला चक्कर येते, लघवीच्या मार्गाचा संसर्ग होऊ शकतो. मधुमेह असेल तर आणखी वाईट. आणि इथे एक विचित्र गोष्ट दिसते. कारखान्याचा गळीत हंगाम चालू असताना फडात कोयता चालवणाऱ्या गरोदर बाईला कोणी ‘चिरू नकोस’ म्हणत नाही. २६ डिसेंबर २०१९ चे सूर्यग्रहण सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, ऐन हंगामात आले होते. मोळ्या बांधायच्याच होत्या. ग्रहण पाळणे हे ज्यांचे घर आहे त्यांचे.

अन्नाबद्दल फार लिहायला नको. अन्न उष्णतेने आणि वेळेने खराब होते. सूर्यग्रहणात उलट ऊन कमी होते. कुठलेही नवे किरण त्या वेळी निघत नाहीत. आहेत तेच किरण चंद्र अडवतो. तुळशीचे पान टाकून जर दोष जातो, तर दोष फारसा मोठा नसणार.

परातीत पाणी घेऊन त्यात मुसळ उभे करायचे आणि ते उभे राहिले की ग्रहण लागले, हा प्रयोग अजून होतो. बूड सपाट असलेले मुसळ कुठल्याही मंगळवारी उभे राहते. ग्रहण नसलेल्या दिवशी विहारात करून दाखवा, दहा मिनिटांत काम होते.

पण सगळेच इतके निरुपद्रवी नसते. त्याच २६ डिसेंबर २०१९ ला सोलापूरच्या सीमेपलीकडे, कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपूर गावात अपंग मुलांना बरे वाटावे म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरले होते. मुले रडत होती. त्याची चित्रे देशभर गेली. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावर तो आधी वटहुकूम म्हणून आला. मात्र हा कायदा अनुसूचीत दिलेल्या अघोरी कृत्यांपुरता आहे. सुनेने अंधारात बसणे त्यात येत नाही. तिथे संविधानातले अनुच्छेद ५१क (ज), म्हणजे वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासण्याचे नागरिकाचे कर्तव्य, आणि घराघरांतली बोलणी एवढेच हाताशी आहे.

बघायचे कसे

चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी कितीही वेळ बघा. काही होत नाही. दुर्बीण असली तर उत्तम.

सूर्यग्रहणाला मात्र एक खरी काळजी आहे आणि ती गंमतीत घेऊ नये. खंडग्रास सूर्याकडे थेट पाहिले तर डोळ्याचा पडदा भाजतो, आणि पडद्याला वेदना कळत नसल्याने भाजताना समजतही नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, साधा गॉगल, परातीतल्या हळदीच्या पाण्यातले प्रतिबिंब, यातले काहीही सुरक्षित नाही. आयएसओ १२३१२-२ मानकाचा ग्रहणचष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच वापरावी. चष्म्याला ओरखडा किंवा भोक असेल तर तो फेकून द्यावा.

मुलांच्या गटासाठी याहून स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे छिद्र. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि उजेड दुसऱ्या पांढऱ्या कागदावर घ्या. दोन मीटर अंतरावर जवळजवळ दोन सेंटीमीटरची सूर्याची प्रतिमा पडते आणि ती चंद्रकोरीसारखी खाल्लेली दिसते. पिठाची चाळणी उन्हात धरली तर जमिनीवर शेकडो कोरी उमटतात. कडुनिंबाखाली उभे राहिले तर पानांच्या फटींतून पडणारा प्रत्येक कवडसा कोरीच्या आकाराचा झालेला असतो.

पणदऱ्याच्या आकाशात १६ फेब्रुवारी १९८०, २४ ऑक्टोबर १९९५, ११ ऑगस्ट १९९९, २२ जुलै २००९, १५ जानेवारी २०१०, २६ डिसेंबर २०१९, २१ जून २०२० आणि २५ ऑक्टोबर २०२२ ची ग्रहणे खंडग्रासच होती. त्यातली जुलै-ऑगस्टची दोन तर पावसाळ्यात येणारी. पुढचे २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहणही पावसाळ्यातलेच. इजिप्तमधल्या लक्सरला ते सहा मिनिटांहून जास्त खग्रास असेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आणि इथे भर दुपारी खंडग्रास. खग्रासच पाहायचे असेल तर २० मार्च २०३४ ला कारगिलकडे जावे लागेल.

चंद्रग्रहणांपैकी दोन तारखा विहारांनी आत्ताच वहीत लिहून ठेवाव्यात. ६ जुलै २०२८ ला आषाढ पौर्णिमा, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनाचा आणि वर्षावासाच्या सुरुवातीचा दिवस. त्या रात्री मध्यरात्रीच्या सुमारास चंद्राचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग सावलीत जाईल. ढगांनी परवानगी दिली तर. दुसरी तारीख ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री आपल्या जिल्ह्यातून आणि राज्यभरातून लोक १ जानेवारीच्या मानवंदनेसाठी भीमा कोरेगावच्या वाटेवर असतील. साधारण साडेआठनंतर चंद्राला सावली लागेल, पावणेदहा ते अकराच्या दरम्यान तो पूर्ण झाकलेला, तांबूस दिसेल, आणि बाराच्या थोडे पुढे ग्रहण सुटेल.